धुपाटणं हाती येण्याआधी

हा लेख म्हणजे खरं तर एक कबुलीजबाब आहे. मध्ये मध्ये विज्ञान येईल, पण घाबरू नका, शेवटी वायवा नाही.

गेल्या वर्षी जुलैमध्ये मेस कमिटीची मीटिंग झाली. मी सेकंड इयरचा प्रतिनिधी. नवीन टर्मचे दर ठरवायचे होते. कंत्राटदाराने दोन पर्याय समोर ठेवले. शेंगदाणा तेल चालू ठेवा, किंवा पामोलिनवर या. दोन्हींत फरक किती? महिन्याला माणशी एका वडापावचा. रेक्टर सरांनी विचारलं, "तब्येतीच्या दृष्टीने काही फरक पडतो का?" मी केमिकलचा, त्यामुळे सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आणि मी उभा राहून ठणकावून सांगितलं, "सर, तेल ते तेल. कुठलंही घ्या, ग्रॅमला नऊ कॅलरीच!"

काय वाक्य होतं महाराजा! आकडा होता, आत्मविश्वास होता, वर इंजिनिअरिंगचा बाज होता. कुणी काही बोललं नाही. ठराव पास. वडापाव वाचला. पुढचे दोन-तीन दिवस मेसमध्ये मला जरा जास्तच मान मिळाला, आमटीतली डाळही मला खालून ढवळून वाढली गेली.

ते वाक्य मी आज जाहीरपणे मागे घेतोय. आकडा बरोबर होता, वाक्य चुकीचं होतं. परीक्षेत असं अनेकदा होतं, पण तिथे निदान स्टेपचे मार्क मिळतात.

झालं असं, की यंदा सेमिनारचा विषय निवडताना मी हुशारी केली. 'एन्झाइम कायनेटिक्स' घेतला. शाळेत ज्याला आपण विकर म्हणायचो, ते एन्झाइम. मायकेलिस-मेंटेनचं समीकरण, एक ग्राफ, चार स्लाइड, विषय संपला. पण आमच्या गाइड मॅडम असल्या डावाला बळी पडणाऱ्या नव्हेत. म्हणाल्या, "ते समीकरण दरवर्षी तिघं-चौघं लिहितात. तू मेस कमिटीत आहेस ना? मग तुमच्या मेसच्या तेलातलं फॅटी ॲसिड पेशीतल्या एन्झाइमला काय सांगतं, ते शोधून आण."

मी म्हटलं, "मॅडम, तेल काय सांगणार? ते जळतं आणि ऊर्जा देतं."

मॅडम म्हणाल्या, "बॉयलरमध्ये जळतं. तू बॉयलर आहेस का?"

इथून माझी लायब्ररी सुरू झाली.

पहिला धक्का बसला तो जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच्या एका प्रयोगाचा. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या नवरा-बायकोने उंदरांना असा आहार दिला, की त्यात सगळं होतं, फक्त स्निग्ध पदार्थ नव्हते. कॅलरी पुरेशा होत्या. तोपर्यंत समज असा, की तेला-तुपाची ऊर्जा साखर-पिठातून भरून काढली की काम भागतं. म्हणजे माझंच 'ग्रॅमला नऊ'चं तत्त्वज्ञान! पण त्या उंदरांची वाढ खुंटली, कातडीला खवले आले, शेपट्या खराब झाल्या, मूत्रपिंडं बिघडली. आहारात लिनोलिक ॲसिड घातलं आणि उंदीर सुधारले. १९२९ आणि १९३० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि 'आवश्यक फॅटी ॲसिड' ही कल्पना शास्त्रात आली. कॅलरी मोजूनही जे कमी पडलं, ते इंधन नव्हतं हे उघड आहे. मग ते होतं तरी काय?

त्यासाठी फॅटी ॲसिड कसं दिसतं ते दोन ओळींत सांगतो. कार्बनची एक लांब साखळी, टोकाला ॲसिडचा गट. पामिटिक ॲसिडमध्ये १६ कार्बन आणि एकही दुहेरी बंध नाही, त्यामुळे साखळी सरळ. ओलेइकमध्ये १८ कार्बन आणि एक दुहेरी बंध, तिथे साखळी कोपरासारखी वाकते. लिनोलिकमध्ये असे दोन बंध, हे ओमेगा-६ घराण्यातलं. जवसातल्या अल्फा-लिनोलेनिकमध्ये तीन, हे ओमेगा-३ घराण्यातलं. ही शेवटची दोन आपलं शरीर स्वतः बनवू शकत नाही, खाऊनच मिळवावी लागतात. आपल्या पामोलिनच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ४० ग्रॅम पामिटिक असतं. शेंगदाणा तेलात ते दहा-बारा ग्रॅमच्या आसपास. कॅलरी दोन्हींत सारख्याच.

आता पेशीकडे येऊ. पेशीचं आवरण हे मुख्यतः फॉस्फोलिपिड रेणूंचं बनलेलं असतं आणि प्रत्येक रेणूला फॅटी ॲसिडच्या दोन शेपट्या असतात. या शेपट्या कुठून येतात? बऱ्याच अंशी आपल्या ताटातून. आहारातलं तेल बदललं की काही आठवड्यांत, महिन्यांत आवरणातल्या शेपट्यांचं प्रमाणही बदलायला लागतं. लाल रक्तपेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं असतं. म्हणजे बघा, बरोबर आपलं एक सेमिस्टर! तुम्ही ॲडमिशन घेऊन हॉस्टेलवर आलात तेव्हा अंगात आईच्या स्वयंपाकावर घडलेलं रक्त होतं. पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षेला बसलात तेव्हा रक्तातल्या जवळजवळ सगळ्या लाल पेशी मेसच्या जेवणावर घडलेल्या होत्या. आणि मीटिंगमध्ये मी काय म्हणत होतो? तेल ते तेल.

बरं, आवरण म्हणजे नुसती भिंतही नव्हे. ते एक कोठारसुद्धा आहे. पेशीला इजा झाली किंवा बाहेरून इशारा आला, की फॉस्फोलायपेझ ए-२ नावाचं एन्झाइम आवरणातल्या रेणूची एक शेपटी कापून सुटी करतं. ती शेपटी बऱ्याचदा अराकिडोनिक ॲसिडची असते. ते ओमेगा-६ घराण्यातलंच, लिनोलिकपासून शरीर बनवतं. हे सुटं झालेलं अराकिडोनिक ॲसिड सायक्लोऑक्सिजनेझ या दुसऱ्या एन्झाइमच्या हाती लागतं आणि त्यापासून प्रोस्टाग्लँडिन आणि थ्रोम्बोक्सेन तयार होतात. ताप, सूज, वेदना ही प्रोस्टाग्लँडिनची कामं. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटवणं हे थ्रोम्बोक्सेनचं. हे कोडं उलगडणाऱ्या बर्गस्ट्रोम, सॅम्युएलसन आणि जॉन व्हेन या तिघांना १९८२ चं नोबेल मिळालं. ॲस्पिरिनने डोकं का उतरतं, हे व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं. ॲस्पिरिन हीच पायरी अडवतं, त्यामुळे प्रोस्टाग्लँडिन तयारच होत नाही.

पण माझ्या दृष्टीने खरी गंमत पुढे आहे. माशाच्या तेलात ईपीए नावाचं २० कार्बनचं ओमेगा-३ फॅटी ॲसिड असतं. तेही आवरणात जाऊन बसतं, तेही कापलं जातं आणि सायक्लोऑक्सिजनेझच्या त्याच खोबणीत शिरतं. पण त्यापासून जे थ्रोम्बोक्सेन बनतं ते प्लेटलेट चिकटवण्यात फारच दुबळं असतं. एन्झाइम तेच, मशीन तेच, कच्चा माल बदलला म्हणून निघणारा संदेश बदलला. कायनेटिक्सच्या भाषेत दोन सबस्ट्रेट एकाच ॲक्टिव्ह साइटसाठी भांडतायत. मॅडमनी मला समीकरणापासून लांब नेलंच नव्हतं, फिरवून त्याच्याच दारात आणून सोडलं होतं.

आता दुसरी गोष्ट. ही मला जास्त लागली, कारण ती माझ्या घरातली आहे.

गेल्या दिवाळीत माझ्या बाबांना शुगर निघाली. वय ४७. नोकरी फिरतीची, त्यामुळे वर्षानुवर्षं बाहेरचं खाणं. रिपोर्ट हातात घेऊन बाबा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "अरे, मी गोड खातच नाही, मग शुगर आली कुठनं?" मी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, घरातला शहाणा. पण माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते उत्तर थोडंफार या सेमिनारमध्ये सापडलं. आपल्या ऑफिसातली फाइल डोळ्यांसमोर आणा. इन्शुलिन पेशीच्या दाराशी येऊन बेल वाजवतं. दारातला रिसेप्टर आत आयआरएस नावाच्या प्रोटीनवर सही करतो. ही सही म्हणजे फॉस्फेटचा गट, आणि ती टायरोसिन नावाच्या ठरलेल्या जागी व्हावी लागते. सही झाली की फाइल पुढच्या टेबलावर, तिथून अेकेटी या एन्झाइमकडे, आणि शेवटी आत ठेवलेले ग्लुकोजचे दरवाजे पेशीच्या पृष्ठभागावर येतात. साखर रक्तातून स्नायूत शिरते. काम झालं.

आता स्नायूच्या पेशीत गरजेपेक्षा जास्त फॅटी ॲसिड साचली, की त्यातून डायअसिलग्लिसेरॉल नावाचा रेणू वाढतो. तो जागं करतो प्रोटीन कायनेज सी या एन्झाइमला. जपानमधल्या कोबे विद्यापीठात यासुतोमी निशिझुका यांच्या गटाने १९७७ साली शोधलेलं हे एन्झाइम. हे महाशय येतात आणि त्याच फाइलवर भलत्याच जागी, सेरीनवर, सही ठोकून जातात. आपल्याला अनुभव आहे, सही चुकीच्या रकान्यात पडली की खिडकीतला माणूस फाइल परत करतो. इथेही तेच. इन्शुलिन दारात बेल वाजवतंय, पण आतली फाइल हलत नाही. साखर रक्तातच राहते. स्वादुपिंड अजून इन्शुलिन पाठवतं, म्हणजे अजून जोरात बेल.

पामिटिक ॲसिडचा आणखी एक उद्योग आहे. त्यापासून सिरॅमाइड नावाचा रेणू तयार होतो, आणि तो थेट अेकेटीचं काम मंदावतो. उलट प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना पामिटिकच्या जोडीला ओलेइक दिलं, तर तेच पामिटिक साठवणीच्या थेंबात बंद होतं आणि त्याचा त्रास कमी होतो. डायअसिलग्लिसेरॉल जास्त दोषी की सिरॅमाइड, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. पण पेशीत साठलेल्या चरबीचा प्रकार आणि जागा दोन्ही महत्त्वाची, यावर मात्र फारसा वाद राहिलेला नाही.

बाबांची शुगर नुसत्या तेलामुळे आली असं मी म्हणणार नाही. आजोबांनाही होती, बाबांचं बसून काम, चालणं नाही, जेवणाच्या वेळा नाहीत. पण 'गोड खाल्लं नाही म्हणजे शुगर होणार नाही' हा हिशोब चुकला होता. तो माझ्या 'ग्रॅमला नऊ'चाच सख्खा भाऊ. दोघांनाही वाटतं, शरीर म्हणजे वजाबाकीची वही.

फॅटी ॲसिडचा आवाज थेट जनुकांपर्यंतही पोचतो. पीपीएआर नावाची काही प्रोटीन पेशीच्या केंद्रकात असतात, फॅटी ॲसिड त्यांना जाऊन चिकटतात आणि चरबी जाळणारी एन्झाइम किती बनवायची हे ठरवायला लागतात. पहिलं पीपीएआर १९९० मध्ये सापडलं. तपशिलात शिरत नाही, नाहीतर संपादक कात्री चालवतील.

"हे सगळं पेशीत झालं, पण माणसात काय?" हा प्रश्न सेमिनारमध्ये शेवटच्या बाकावरून आला आणि प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या एका प्रयोगात आहे, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या. ३९ तरुण माणसं, वजन नॉर्मल, म्हणजे जवळपास आपल्यासारखीच. त्यांना सात आठवडे रोजच्या जेवणावर जास्तीचे मफिन खायला दिले. अर्ध्या लोकांच्या मफिनमध्ये पामतेल, अर्ध्यांच्या मफिनमध्ये सूर्यफुलाचं तेल. कोणाला काय मिळतंय हे खाणाऱ्यालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. सात आठवड्यांनी वजन दोन्ही गटांचं सारखंच वाढलं. इथपर्यंत माझं वाक्य जिंकलं. मग एमआरआय काढला. पामतेलवाल्यांच्या यकृतात चरबी ठळकपणे जास्त साठली होती, पोटाच्या आतली चरबी दुसऱ्या गटाच्या दुप्पट वाढली होती. सूर्यफूलवाल्यांचं वाढलेलं वजन मात्र चरबीविरहित ऊतींमध्ये जवळपास तिप्पट गेलं होतं. वजनकाट्याला जो फरक दिसला नाही, तो आत पडला होता.

हे वाचलं त्या रात्री मी मेसमध्ये पुरी घेतली नाही. दुसऱ्या रात्री घेतली. माणूस आहे.

आता आपल्या हॉस्टेलवर लगेच जे तीन पंथ तयार होतील, त्यांच्याशी थोडं बोलतो.

पहिला पंथ कॅप्सूलवाल्यांचा. जिमला जाणाऱ्या मंडळींच्या कपाटात ओमेगा-३ चे डबे असतात. त्यांनी व्हायटल हा अमेरिकेतला प्रयोग जरूर वाचावा. २५,८७१ लोक, रोज एक ग्रॅम ओमेगा-३ किंवा नुसती दिखाऊ गोळी, आणि २०१८ मध्ये निकाल असा लागला की हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू हे सगळं एकत्र धरलं तर दोन गटांत ठोस फरक नाही. एन्झाइमच्या पातळीवर संदेश खरा आहे म्हणून कॅप्सूल म्हणजे अमृत, असं होत नाही. मेसचं जेवण तसंच ठेवून वर एक गोळी टाकणं म्हणजे वर्षभर लेक्चर बुडवून आदल्या रात्री झेरॉक्स काढणं. कधी कधी जमतं, पण त्याला अभ्यास म्हणत नाहीत.

दुसरा पंथ 'ओमेगा-६ म्हणजे विष' म्हणणाऱ्यांचा. फॅमिली ग्रुपवर हा मेसेज तुम्हालाही आला असेल. यांचा तर्क सरळ आहे. लिनोलिकपासून अराकिडोनिक होतं, त्यापासून सूज होते, म्हणून सूर्यफूल आणि करडई बंद. कागदावर बरोबर. पण माणसाच्या शरीरात लिनोलिक जास्त खाल्लं म्हणून अराकिडोनिक त्या प्रमाणात वाढत नाही, कारण मधल्या पायऱ्यांवर नियंत्रण आहे. कंट्रोल सिस्टिम शिकणाऱ्यांना हे मी काय सांगू? ओपन लूपचं गणित क्लोज्ड लूपला लावलं की उत्तर चुकणारच. आणि बर दांपत्याच्या उंदरांना वाचवलं होतं ते याच लिनोलिकने, हेही विसरू नका.

तिसरा पंथ 'तेलच बंद करा' म्हणणाऱ्यांचा. त्यांना दोन गोष्टी सांगायच्यात. एक तर आवश्यक फॅटी ॲसिड आवश्यक आहेत, नावातच लिहिलंय. दुसरं, मैदा, साखर आणि ढीगभर भात खाल्लात तर जास्तीच्या साखरेपासून यकृत स्वतःच फॅटी ॲसिड बनवतं, आणि त्यात मुख्यतः कोणतं बनतं? पामिटिक! कोरडी चपाती खाल्ल्याचं समाधान मिळवून वर कोल्ड्रिंकची मोठी बाटली रिचवणाऱ्या माझ्या रूम पार्टनरने ही ओळ दोनदा वाचावी.

मग करायचं काय? माझी आजी करडईच्या घाण्याच्या तेलात भाजी करायची आणि ताटात डावीकडे जवसाची चटणी असायची. मला ती चटणी अजिबात आवडायची नाही. आता कळतंय, की जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक असतं. आजीला ओमेगा माहीत नव्हता, पण ताट जमत होतं. मात्र इथेही एक एन्झाइमची अडचण आहे. जवसातल्या ओमेगा-३ पासून माशातलं ईपीए बनवायला शरीराला जे एन्झाइम लागतं, तेच एन्झाइम लिनोलिकलाही लागतं. खिडकी एकच, रांगा दोन. त्यामुळे जवसातलं थोडंच ओमेगा-३ ईपीएपर्यंत पोचतं. मासे खाणाऱ्यांचं काम सोपं, बांगडा आणि तारलीत ईपीए तयारच मिळतं. आमच्या विंगमधला मालवणचा मित्र सुका बांगडा आणतो तेव्हा अख्ख्या मजल्याचं नाक वर होतं. त्याची मी या निमित्ताने जाहीर माफी मागतो. (वास मात्र कमी करता आला तर बघ रे.)

मेसच्या कढईबद्दलही बोलायला हवं. पामोलिनची बाजू घ्यायची तर तळायला ते टिकाऊ आहे, सूर्यफूल तेल पुन्हा पुन्हा तापवलं तर ते लवकर बिघडतं. म्हणजे तळणाचं तेल आणि फोडणीचं तेल एकच असायला हवं हा हट्टच चुकीचा आहे. पण तेल टिकाऊ असलं म्हणून अमर नसतं. मी एकदा मेसमधल्या मामांना विचारलं, "मामा, हे तेल कितव्यांदा?" मामा झारा न थांबवता म्हणाले, "अरे बाळा, तेल कधी मोजत्यात का? कमी झालं की वर वतायचं."

मोजतात मामा, कायद्याने मोजावं लागतं. तेल तापत राहिलं की त्यात जे बिघडलेले रेणू साठतात त्यांना एकूण ध्रुवीय संयुगं म्हणतात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं, की ते तेल वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून देशभर लागू आहे. ट्रान्स फॅटची मर्यादाही जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आली. म्हणजे सरकारने आपलं काम कागदावर केलंय. कढईपर्यंतचं शेवटचं अंतर आपल्यालाच चालायचंय.

माझं म्हणणं एवढंच आहे. मेसचं तेल हा नुसता दराचा प्रश्न नाही. चार वर्षं, आठ सेमिस्टर, रोज दोन वेळा आपण काहीशे मुलं एकाच कढईतलं खातो. घरी प्रत्येकाचं तेल वेगळं असतं, कोणाकडे सोयाबीन, कोणाकडे शेंगदाणा, कोणाकडे मोहरी, त्यामुळे एखादी चूक एका घरापुरती राहते. इथे मीटिंगमधल्या एका वाक्याने सगळ्यांच्या पेशींतल्या शेपट्या बदलतात. जे वाक्य सगळ्यांच्या पोटात जाणार, ते बोलण्याआधी निदान एक तास लायब्ररीत घालवायला हवा होता. मी घालवला नाही.

म्हणून या जुलैच्या मीटिंगमध्ये मी तीन ठराव मांडणार आहे. रेक्टर सर, हे आधीच छापून तुम्हाला नोटीस दिली असं समजावं.

एक, फोडणी आणि भाजीसाठी शेंगदाणा आणि सोयाबीन तेल आलटून पालटून. सोयाबीनमध्ये थोडं ओमेगा-३ असतं, शेंगदाण्यात ओलेइक भरपूर. पामोलिन फक्त तळणाला, आणि तळण आठवड्यातून दोनच वेळा. दर वाढेल. एका वडापावने.

दोन, आठवड्यातून तीन दिवस टेबलावर जवसाची चटणी. ज्याला नको त्याने घेऊ नये, मी सुद्धा नाक मुरडतच खाणार आहे.

तीन, आणि हे खास आपल्यासारख्यांचं काम. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीच्या जर्नलमध्ये आपण सगळ्यांनी तेलाची ॲसिड व्हॅल्यू काढली आहे. काढली म्हणजे, सिनिअरच्या जर्नलमधून उतरवली आहे. ती एकदा खरीखुरी काढू या, मेसच्या कढईतल्या तेलाची. सोबत आयोडीन व्हॅल्यू काढली तर दुहेरी बंध किती आहेत तेही कळेल. पामोलिनची साधारण साठच्या आत येते, शेंगदाण्याची नव्वदच्या आसपास, म्हणजे डब्यावर लिहिलेलंच तेल डब्यात आहे का याचाही अंदाज येईल. ध्रुवीय संयुगं मोजणारा हातातला मीटर मिळतो, तो इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी मनावर घेतला तर मिनी प्रोजेक्ट म्हणून बनवायचा प्रयत्नही करता येईल. दर महिन्याला आकडा नोटीस बोर्डावर लागावा. कंत्राटदाराला दोष द्यायचा नाही, मामांना तर मुळीच नाही. त्यांना वेळेवर तेल बदलायला पैसे आणि परवानगी दोन्ही आपणच द्यायला हवेत.

गेल्या महिन्यात घरी गेलो तेव्हा बाबांना कागदावर फाइल आणि सहीचं चित्र काढून दाखवलं. बाबांनी चष्मा वर करून नीट पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे सही चुकीच्या जागी झाली होय!" आता ते संध्याकाळी चालायला जातात. आईने भज्यांची कढई लहान केली आहे. आकडे बरे आहेत, पण गोळी चालू आहे आणि राहील. वीस वर्षं आधी कोणी हे चित्र काढून दाखवलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी फार वेळ करत नाही. आपण आत्ता वीस वर्षांचे आहोत, तो विचार जास्त उपयोगाचा आहे.

तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, असं म्हणायची वेळ यायला अजून अवकाश आहे. तेव्हा जुलैच्या मीटिंगला या आणि हात वर करा. ज्याला महिन्याचा एक वडापाव गेल्याचं फारच दुःख होईल, त्याला मी स्वतः गेटवर नेऊन खाऊ घालीन.

फक्त आधी गाडीवाल्या काकांना विचारू, तेल कितव्यांदा.

– मेस कमिटी प्रतिनिधी (हा लेख छापून येईपर्यंत तरी), तृतीय वर्ष, केमिकल